माया राखून बेतावे

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात खापरखेडा येथे एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी त्यांस ‘कपडे सैल होणे’ असे सांगितले. ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. शिक्षण, हुंडाबंदी, व्यसनमुक्ती असे भारदस्त विषय सोडून मास्तरांनी हे काय काढले, असे त्यांस वाटले असावे. आपणांसही तसे वाटले तर नवल नाही. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या अंगाला कपडे बसविण्याचे काम केले, त्या आपल्या शिंपी समाजाने या विषयास क्षुल्लक म्हणावे, हे मला पटत नाही. शिवाय हा विषय मी पुस्तकातून काढलेला नाही. गेली दोन वर्षे तो मी अंगावर वागवीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे वजन 86 किलो होते आणि रक्तातील साखर वाढलेली होती. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले, “गुरुजी, वजन उतरविल्याखेरीज गत्यंतर नाही.” वजन उतरविण्याच्या चळवळीचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. काटोल भागातील डॉ. श्रीकांत जिचकार (1954–2004) यांनी मांडलेल्या आहारविषयक विचारांवरून पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण आटोपण्याचा प्रघात महाराष्ट्रभर पसरविला. खापरखेड्यातही तो पाळणारी अनेक घरे आहेत. साखरेच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने असा कोणताही प्रयोग आपल्या मनाने करू नये. मीही माझ्या डॉक्टरांस विचारूनच जेवणाच्या वेळा बांधून घेतल्या, गोड सोडले आणि रोज सकाळी तासभर चालू लागलो. सोळा महिन्यांत वजन 72 किलोवर आले आणि साखर आटोक्यात आली. याबद्दल मी परमेश्वराचा आणि डॉक्टरांचा ऋणी आहे.

मात्र मी उतरलो तरी माझे कपडे होते तेवढेच राहिले. प्रथम दोन-तीन महिने मौज वाटली. पट्ट्यास मी मोळ्याने एक भोक पाडले, पुढे दुसरे पाडले, तिसरेही पाडले. विजारीला कमरेभोवती एवढ्या चुण्या पडू लागल्या की ती विजार आहे की परकर, असा प्रश्न पडावा. सदऱ्याची गळपट्टी मानेपासून दोन बोटे दूर उभी राहू लागली. मग रस्त्यात भेटणारी माणसे थांबून हळूच विचारू लागली, “गुरुजी, बरे आहे ना? काही दुखणे वगैरे तर नाही?” मी आनंदाने म्हणावे, “अहो, मुद्दाम उतरविले आहे!” तरी त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसत नसे. आपल्याकडे माणूस बारीक झाल्याचे आधी त्याच्या कपड्यांवरून कळते, आणि सैल कपड्यातला माणूस पाहणाऱ्यास आजारीच दिसतो. ज्या गोष्टीने माझी प्रकृती सुधारली होती, तिच्यामुळे मी गावात रोगी ठरलो होतो.

या प्रकरणाचा कळस 26 जानेवारीस झाला. झेंडावंदनास एका शाळेने मला बोलाविले होते. मी ठेवणीतली विजार घातली. पट्टा घाईत घरीच राहिला. ध्वज वर चढला, राष्ट्रगीत सुरू झाले आणि विजार खाली उतरू लागली. डावा हात खिशात घालून ती आतून घट्ट धरून ठेवण्यावाचून मला उपाय उरला नाही. कार्यक्रम संपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी, जो आता वीजकेंद्रात नोकरीस आहे, हसून म्हणाला, “गुरुजी, ‘सावधान’मध्ये खिशात हात घातला म्हणून तुम्ही मला छडी मारली होती.” मी त्यास खरे कारण सांगितले नाही. आज चारचौघांत सांगत आहे. तो येथे बसला असेल तर त्याने क्षमा करावी.

त्यानंतर मी नागपूरला जाऊन तयार कपड्यांचे एक दुकान गाठले. तेथे मला असे कळून आले की माझ्या मापाचा मनुष्य जगात नाही! 32 ची विजार कमरेस लागे, 34 ची घसरे. मी 33 चा होतो. सदऱ्याचे तर त्याहून विचित्र. एका कंपनीच्या सदऱ्यावर 40 लिहिले होते ते छातीचे इंच होते; दुसरीच्या सदऱ्यावर 40 लिहिले होते ती गळपट्टी होती, आणि तीही सेंटिमीटरमध्ये. एकच आकडा, पण दोन सदऱ्यांत चार बोटांचे अंतर. विक्रेता मुलगा सभ्य होता. तो म्हणाला, “काका, हल्ली असे सैलच चालते.” मी मनात म्हटले, बाबा रे, सैल चालत असते तर घरी काय थोडे होते? आणि समजा 33 चे माप मिळाले असते, तरी पुढील चार महिन्यांत मी 33 चा राहणार नव्हतो. उतरत्या वजनाच्या माणसाची खरी अडचण हीच आहे की तो कोणत्याच मापावर स्थिर नसतो. आज घ्यावे ते उद्या सैल, आणि उद्यासाठी घ्यावे ते आज अंगात जात नाही.

ही ठरावीक मापे आली कोठून, याचा थोडा विचार करू. कपडा आधी शिवावा आणि त्यास बसणारे अंग नंतर शोधावे, ही रीत फार जुनी नाही. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले. त्या वेळी लक्षावधी शिपायांस गणवेश पुरवावयाचे होते. प्रत्येकाचे माप घेणे अशक्य, म्हणून काही ठरावीक मापांचे गणवेश शिवण्यात आले, आणि तीच कल्पना पुढे बाजारात शिरली. दोन-दोन इंचांच्या पायऱ्या केल्या की कारखान्याचे काम सोपे होते. ज्याचे अंग दोन पायऱ्यांच्या मध्ये पडते त्याने काय करावे, हा प्रश्न कारखान्याचा नव्हे. आपल्या देशात तर विलायती आणि अमेरिकन मापेच थोडीफार फिरवून वापरण्याचा प्रघात पडला. म्हणून गेल्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबई, कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर व शिलाँग या सहा शहरांतील 25 हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेऊन भारतीय अंगाची मापे ठरविण्याची योजना हाती घेतली. हे काम स्तुत्य आहे. तथापि मापांचा तक्ता कितीही चांगला झाला, तरी दोन पायऱ्यांच्या मध्ये कोणी ना कोणी उभा राहणारच.

आपल्या पूर्वजांच्या पोशाखात ही अडचण नव्हती. धोतराला माप नसते. नऊवारी लुगडे नव्या नवरीला जसे बसते तसेच तिच्या आजीलाही बसते. गरोदरपणात ते सैल नेसता येते, बाळंतपणानंतर आवळता येते. पायजम्याची नाडी एक वीत ओढली की काम झाले. बाराबंदी तर बंदांनीच बांधावयाची. अंग वाढले तर बंद ढिला करावा, उतरले तर आवळावा. बटण आणि काज आले, चेन आली, आणि कपड्याने माणसाला सांगावयास सुरुवात केली की तू एवढाच असावेस. धोतर-बाराबंदीकडे परत जा, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. मी स्वतः विजार घालूनच उभा आहे. पण शिवलेल्या कपड्यातही ढिले-घट्ट करण्याची सोय आपल्या कारागिरांनी ठेवली होती. ती सोय कोणती, हे सांगण्यासाठी मला माझ्या वडिलांविषयी थोडे बोलावे लागेल.

वडिलांचे येथे शिवणकामाचे दुकान होते. लोक त्यांना मास्टर म्हणत आणि पुढे मला मास्तर म्हणू लागले. एका अक्षराच्या फरकाने मी सुई सोडून खडूकडे गेलो. अर्थात खडू त्यांच्याही हातात असेच. जुन्या वीजकेंद्रातले कामगार, सिल्लेवाडा आणि वलनीच्या कोळसा खाणींतली माणसे, शेतकरी, शाळेतली मुले हे त्यांचे गिऱ्हाईक. दुकानात एक लांबट वही असे. तीत प्रत्येकाच्या नावापुढे लांबी, छाती, खांदा, बाही, कंबर, सीट, मोहरी असे आकडे असत. दर दिवाळीला नवे माप जुन्याच्या खाली लिहीत. वही उलगडली की माणूस कसा वाढला, कसा सुटला, कसा वाळला, हे सारे समोर दिसे.

एकदा खाणीतला एक कामगार मुलीच्या लग्नासाठी सदरा शिवावयास आला. वडिलांनी माप घेतले, वही पाहिली, आणि टेप गळ्यात तसाच ठेवून त्याला खाली बसविले. सात-आठ महिन्यांत छाती दोन इंचांनी आणि कंबर तीन इंचांनी उतरली होती. “जेवण कमी केले का?” “नाही.” “खोकला आहे का?” “आहे थोडा, कोळशाचाच असेल.” वडील म्हणाले, “सदरा मी शिवतो. पण तू आधी दवाखान्यात जा. पावती दाखवलीस की सदरा देईन.” तो रागावून गेला; पण गेला. क्षय निघाला. औषध वेळेवर मिळाले आणि तो पुढे पुष्कळ वर्षे जगला. ती गोष्ट मी लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून पाहिली आहे, म्हणून आपणांस विनवितो की प्रयत्न न करता कपडे सैल होऊ लागले, तर आनंद मानू नका आणि नुसते आवळूनही घेऊ नका. मधुमेह, क्षय, कंठग्रंथीचे विकार किंवा त्याहूनही गंभीर आजार आधी कमरेच्या पट्ट्यावर दिसू शकतात. प्रथम डॉक्टर, नंतर शिंपी.

आणि जो टेप शिंप्याच्या गळ्यात असतो, तो डॉक्टरांसही मान्य आहे, हे मला अलीकडे कळले. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या वर, आणि स्त्रीचा 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांच्या वर गेला, तर धोका समजावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. येथे एक गफलत होते. विजारीवर 34 लिहिले आहे म्हणून आपली कंबर 34 आहे, असे मानू नये. विजार आपण पोटाच्या खाली नेसतो. डॉक्टरांचे माप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून घ्यावयाचे असते. माझे ते माप 41 इंच होते, आज 36 आहे. अजून थोडी मजल बाकी आहे.

आता मुख्य मुद्दा. वडील कापड बेतताना खडूची एक रेघ मापाची ओढीत, आणि तिच्या बाहेर दुसरी ओढीत. कातर नेहमी बाहेरच्या रेघेवरून चाले. या दोन रेघांमधल्या जादा कापडास आपल्या धंद्यात काय म्हणतात, हे येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीस ठाऊक आहे. त्यास ‘माया’ म्हणतात. शिवणीच्या आत दडलेले, बाहेरून न दिसणारे कापड. माणूस उद्या आज आहे तेवढाच राहणार नाही, हे ओळखून ठेवलेले. मुलाचा सदरा असला तर वडील लांबीला चार बोटे दुमडून ठेवीत. पोलके असले तर बगलेस एकाआड एक तीन टिपा घालीत. भरले अंग की बाहेरची टीप उसवावी, उतरले की आत आणखी एक घालावी. तयार कपड्यांत बहुधा ही माया नसते, कारण शंभर कपड्यांत बोटभर वाचविलेले कापड म्हणजे कारखान्याचा नफा. आणि जो कपडा माया न ठेवता शिवला, तो माणूस बदलताच टाकून द्यावा लागतो.

माझे लग्न 1985 साली झाले. कोटाचे कापड वडिलांनी गांधीबागेतून आणले, आणि कोट स्वतः शिवला. तेव्हा मी 60 किलोचाही नव्हतो. पुढे मी सुटत गेलो. 1991 साली त्यांनी तो कोट पाठीच्या शिवणीतून सैल केला, आणि 1997 साली बगलांतून. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “आता संपली रे माया. यापुढे तूच सांभाळ.” पुढल्या वर्षी ते गेले. कोट मी आणखी काही वर्षे ओढूनताणून घातला, आणि मग ट्रंकेत ठेवला.

वजन उतरल्यावर तो मी बाहेर काढला. घातला तर पोत्यासारखा. आपल्याच समाजातील एका वृद्ध कारागिराकडे तो घेऊन गेलो. त्यांनी अस्तर उसवले, कोट उलटा करून उजेडात धरला, आणि मला बोलावून दाखविले. कापडावर जुन्या टिपांच्या दोन फिकट रेघा अजून होत्या. एक 1985 ची, एक 1991 ची. सुईची बारीक छिद्रे ओळीने दिसत होती. ते म्हणाले, “गुरुजी, मला खडू नको. मास्टरांनी रेघ मारूनच ठेवली आहे.” मधल्या रेघेवर त्यांनी टीप घातली आणि कोट माझ्या अंगावर बसला.

सर्वच काही बसले असे मात्र नाही. साठी उलटलेल्या माणसाचा खांदा उतरतो, पाठ थोडी वाकते. कोटाचा खांदा अर्धा इंच बाहेर राहिला. मी म्हटले, तोही आत घ्या. ते म्हणाले, “खांदा उसवला तर मुंढा, बाही, गळा सगळे उसवावे लागते. आणि वजन उतरले म्हणून माणूस तरुण होत नाही. राहू द्या.” राहू दिला. आज मी आपल्यापुढे जो कोट घालून उभा आहे, तो हाच.

या अनुभवातून काही व्यवहाराच्या गोष्टी मी शिकलो. माझ्यासारख्या उतरणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्या सांगतो. पहिली, वजन उतरत असताना नव्या कपड्यांचा ढीग करू नये. दोन विजारी आणि तीन सदरे एवढ्यावर तो काळ काढावा. दुसरी, दर पाच-सहा किलोंनंतर एकदा विजार आवळावी, त्याआधी नको. मागच्या मधल्या शिवणीतून दोन-अडीच इंचांपर्यंत कमी करता येते. त्याहून अधिक घेतले तर मागचे खिसे एकमेकांस भेटावयास येतात. मग बाजूच्या शिवणी आणि पट्टी उसवून काम करावे लागते. तिसरी, सदऱ्याच्या बगला आणि बाह्या आत घेता येतात, पण खांदा इंचाहून अधिक उतरला असेल तर त्या सदऱ्यावर पैसे घालू नयेत. नवा घेताना खांदा बसतो तो घ्यावा. बाकीचे आवळता येते. चौथी, सुती कापड आधी पाण्यात भिजवून वाळवावे आणि मगच बेतावे, नाहीतर धुतल्यावर ते आटते आणि आपल्याला उगाच वाटते की वजन पुन्हा वाढले. आणि पाचवी, जी वडिलांची आहे: आवळताना जादा कापड कापू नये. ते आत दुमडून ठेवावे.

या शेवटच्या गोष्टीवर आमच्या घरी वाद झाला. माझा मुलगा म्हणतो, “बाबा, मोठे कपडे सगळे देऊन टाका. घरात राहिले तर तुम्ही पुन्हा तेवढे व्हाल.” त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. सैल कपड्यात वाढणारे पोट कळत नाही, आणि घट्ट झालेली कंबर वेळीच सूचना देते. म्हणून मोठे कपडे मी बरेच देऊन टाकले. परंतु जे ठेवले, त्यांतली माया कापू दिली नाही. या वयात दुखणेबाहणे येते, औषधे बदलतात, पाय मोडून दोन महिने अंथरुणात पडावे लागते. उतरलेले वजन थोडे परतू शकते. त्या दिवशी माणसाने लाजेने घरात बसावे, की एक टीप उसवून बाहेर पडावे? मी दुसरे पसंत करतो.

वाद ऐकत बसलेली माझी पत्नी तेव्हा म्हणाली, “तुमची विजार सैल झाली ती साऱ्या गावाला दिसली. माझी पोलकी घट्ट होत गेली, ती पंधरा वर्षे घरात कोणाला दिसली नाहीत. मी रात्री बसून एकेक टीप उसवीत होते.” मी गप्प राहिलो. दोन बाळंतपणे, संसार, सासूसासऱ्यांची सेवा, आणि त्यासोबत बदलणारे अंग, हे सारे आपल्या स्त्रियांनी शिवणीच्या आतल्या बोटभर मायेवर निभावून नेले, आणि आम्ही शिंप्याची मुले असूनही ते पाहिले नाही. आज या सभेत मी तिची क्षमा मागतो. ती मागच्या रांगेत बसली आहे.

आता समाजापुढे दोन मागण्या ठेवतो. आपली कित्येक तरुण मुले आज तयार कपड्यांच्या दुकानांबाहेर यंत्र मांडून विजारी तोकड्या करणे, कंबर आवळणे, चेन बदलणे अशी कामे करतात. त्यास ‘अल्टरचे काम’ म्हणतात, आणि समाजात लग्न जुळविताना ते काम जरा खालच्या आवाजात सांगितले जाते. हे बंद व्हावे. नवा कपडा बेतणे हे कौशल्य आहेच. पण दुसऱ्याने बेतलेला कपडा उसवून, त्याची चूक न दाखविता, तिसऱ्याच्या अंगाला बसविणे यास अधिक कौशल्य लागते. महात्मा गांधींनी 1924 साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. कारण त्याच्या निर्मितीमागे शोधकाचे पत्नीवरील प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या नामदेव महाराजांनीही गज, कातर आणि सुई यांना भक्तीच्या रूपकांत स्थान दिले, आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आदराने गायली जातात. ज्या अवजारांनी त्यांस कमीपणा आणला नाही, त्यांनी आपल्या मुलांस तो का यावा?

दुसरी मागणी अशी. मंडळाच्या खोलीत एक जुने कपाट रिकामे आहे. त्यात मधल्या मापांचे कपडे ठेवावेत. ज्याचे वजन उतरते आहे त्याने सैल झालेला, पण चांगला कपडा धुऊन, इस्त्री करून तेथे द्यावा. ज्याला चार महिन्यांपुरता हवा त्याने न्यावा, आणि तोही सैल झाला की परत आणावा. आपल्या मुलामुलींपैकी कोणी आठवड्यातून एक दिवस यंत्रावर बसून बसते करून द्यावे, आणि त्याची रास्त मजुरी घ्यावी, फुकट नव्हे. दुसऱ्याचा कपडा घालण्यात कमीपणा वाटेल त्यांना एवढेच सांगतो की आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगावर जन्मताच पहिला कपडा घातला तो कोणाचा तरी जुना, धुऊन मऊ झालेलाच होता. नव्याने बाळाच्या अंगाला टोचेल, म्हणून आपल्या आज्यांनी ती रीत घातली. बारीक होणारा मनुष्यही काही काळ असाच नवा असतो. त्यालाही टोचू नये.

माझ्याकडून पहिला कपडा आजच देतो. झेंडावंदनाच्या दिवशी घसरलेली ती विजार मी मुद्दाम आवळून घेतली नाही. ती धुऊन, इस्त्री करून सोबत आणली आहे. कंबर 38, आत दीड इंच माया. ज्याला लागेल त्याने नि:संकोच न्यावी. मात्र पट्टा घरी विसरू नये.